संगणकाचा वारंवार वाजणारा इशारा : दोष कसा शोधावा?

(भोपाळ येथील जवाहर चौक परिसरातील मराठी भाषक रहिवाशांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ ही नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली. त्यापूर्वी राजधानी नागपूरला होती. तेथून कचेऱ्या इकडे आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर अनेक मराठी कुटुंबेही आली. तात्या टोपे नगर आणि आपला जवाहर चौक त्या काळाची आठवण देतात. त्या वेळी सरकारी काम टाक-दौतीने आणि टंकलेखन यंत्राने चाले. आज ते संगणकावाचून चालत नाही. म्हणून संगणकाच्या एका लहानशा दोषाविषयी आज मी बोलणार आहे. दोष लहान असला तरी त्याचे परिणाम लहान नसतात, हे मी अनुभवाने शिकलो आहे.

माझे एक शेजारी टपाल खात्यातून निवृत्त झालेले आहेत. केंद्र शासनाच्या निवृत्तिवेतनधारकांना दर वर्षी नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो न दिल्यास पुढचे वेतन अडकून पडते. १० नोव्हेंबर २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ योजनेखाली हा दाखला संगणकावर बोटाचा ठसा देऊनही मिळू लागला. आमचे शेजारी ठसा देण्यासाठी एका केंद्रावर सलग दोन दिवस गेले आणि रिकाम्या हाताने परतले. “आजोबा, तुमची बोटे झिजली आहेत,” असे त्यांना सांगण्यात आले. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत गेलो.

तेथील संगणकाचा आवाज बंद करून ठेवलेला होता. कारण विचारता चालक म्हणाला, “दिवसभर टुणटुण वाजत राहते, डोके उठते.” मी त्याला आवाज सुरू करण्याची विनंती केली. थोड्याच वेळात उलगडा झाला. अर्ज काढण्यासाठी टेबलाचा खण उघडला की ठसायंत्राची तार ओढली जाई, आणि संगणक उतरत्या सुरात दोनदा वाजे. यंत्राची जोडणी तुटली, एवढेच तो सांगत होता. आम्ही तार खणापासून दूर घेतली आणि ती संगणकाच्या मागील पोर्टमध्ये थेट लावली. पहिल्याच प्रयत्नात ठसा उमटला. दोष बोटांचा नव्हता. दोष तारेचा होता.

हे ध्वनी कशामुळे होतात ते थोडक्यात सांगतो. माउस, प्रिंटर, ठसायंत्र ही साधने आज बहुधा यूएसबी या जोडणीने संगणकाला लावतात. ही पद्धत १९९६ साली प्रसिद्ध झाली. तिच्या निर्मितीत अग्रभागी असलेले अभियंते अजय भट्ट यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले, हे आपणांस ऐकून आनंद वाटेल. तिच्या मूळ रचनेतील चार तारांपैकी दोन वीज पुरवितात आणि दोन माहिती वाहून नेतात. साधन लावताच संगणक त्याची ओळख विचारतो आणि त्याला क्रमांक देतो. विंडोज प्रणालीत ओळख पटली की चढता सूर वाजतो आणि जोडणी तुटली की उतरता. क्षणभर जरी संपर्क सुटला तरी साधन काढून पुन्हा लावले, असेच संगणक समजतो. काही न लावता, न काढता हे सूर वारंवार वाजू लागले, तर कोठेतरी संपर्क तुटत आहे असे समजावे.

दोष शोधण्याची रीत सोपी आहे. तिला धीर मात्र हवा.

प्रथम, ध्वनी केव्हा वाजतो त्याची वेळ वहीत टिपावी, आणि त्या वेळी काय चालले होते तेही लिहावे.

दुसरे, ‘डिव्हाइस मॅनेजर’ ही यादी उघडून ठेवावी. ध्वनी वाजताच जी ओळ नाहीशी होते वा पुन्हा दिसते, ती संशयित समजावी.

तिसरे, चालू असलेले काम जतन करून कीबोर्ड आणि माउस वगळता सारी साधने काढावीत. मग एकेक परत लावावे आणि दर वेळी पुरेसा काळ थांबावे. दोन साधने एकदम लावल्यास दोष कोणाचा ते कळणार नाही. सर्व काढूनही ध्वनी येत राहिला, तर कीबोर्ड-माउस बदलून पाहावेत. तरीही न थांबल्यास पेटीच्या आतील जोडण्या जाणकाराकडून तपासून घ्याव्यात.

चौथे, संशयित साधनाची तार आणि पोर्ट बदलून पाहावे. मागील पोर्ट मुख्य फलकावरच बसविलेले असतात. पुढील पोर्ट आतल्या जादा तारेने जोडलेले असतात आणि ती तार सैल होऊ शकते.

पाचवे, विजेचा विचार करावा. यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीचा पोर्ट ५ व्होल्ट दाबाने सामान्यतः ५०० मिलिअँपिअर वीज देतो, तिसऱ्या आवृत्तीचा ९००. एका पोर्टला हब लावून त्यावर चार साधने जोडली की वीज अपुरी पडू शकते. अशा वेळी स्वतंत्र वीजपुरवठ्याचा हब घ्यावा.

सहावे, वीज वाचविण्यासाठी संगणक काही पोर्ट आपण होऊन झोपवितो. ‘पॉवर ऑप्शन्स’मधील ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ ही सोय बंद करून पाहावी. यानेही भागले नाही, तर साधनाच्या उत्पादकाने दिलेला अद्ययावत ड्रायव्हर बसवावा.

आवाज बंद करणे हा मात्र उपाय नव्हे. दारावरची घंटा काढून टाकल्याने पाहुणा परत जात नाही. विद्यार्थ्यांचे गुण पेन ड्राइव्हवर उतरवीत असता जोडणी तुटली तर ती फाइल बिघडू शकते. शिक्षकबंधूंनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

अधिकारी आणि चालक मित्रांना माझी विनंती आहे. टेबलापाशी एक नोंदवही आणि एक जादा तार ठेवा. ठसा उमटला नाही तर आधी यंत्र तपासा, मग माणसाच्या बोटाकडे पाहा. वयामुळे बोटांच्या रेषा खरोखरच पुसट होतात. अशांसाठी जीवन प्रमाण योजनेत २०२१ पासून चेहऱ्याद्वारे ओळख पटविण्याची सोय आहे, ती त्यांना सांगा. आणि ग्रामस्थ बंधुभगिनींनो, “उद्या या” असे उत्तर मिळाले तर “यंत्र नीट जोडलेले आहे ना?” एवढे नम्रपणे विचारण्यास संकोचू नका.

आमचे शेजारी त्या दिवशी दाखला घेऊन घरी आले. वाटेत ते आपल्या अंगठ्याकडे पाहत म्हणाले, “चाळीस वर्षे टपाल वाटले, वाटले हाच झिजला.” यंत्राच्या दोषाचे ओझे अशा हातांवर पडू नये, एवढेच मला सांगावयाचे होते.