परिचारिकेचे शिक्षण आणि आपल्या मुली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार माणसांत उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. माझे शिक्षण जेमतेम सातवीपर्यंत. चिटणीसबाईंनी आग्रहच धरला, तेव्हा मी त्यांना म्हटले, पुस्तकी काही मला जमणार नाही, घरात घडले तेवढे सांगेन. चुकले-माकले पदरात घ्यावे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंना वाशीच्या एका इस्पितळात ठेवले होते. आमच्या आगरी बोलीखेरीज दुसरे बोलणे त्यांना येत नाही. रात्रपाळीची सिस्टर केरळची, नुकतीच आलेली. सासूबाई पोटाला हात लावून पुन्हा पुन्हा सांगत, "माजे पोटान कलमलतंय!" सिस्टरला काही उमजेना. मी बाहेर बाकावर पडले होते. अखेर झाडू मारणाऱ्या मावशीने अर्थ सांगितला, तेव्हा औषध मिळाले.

यात त्या सिस्टरचा काय दोष? ती तर इतकी गुणाची की चार दिवसांत तिने आमचे वीसेक शब्द आपल्या अक्षरांत वहीत लिहून घेतले. निघताना सासूबाईंनी तिच्यावरून कडाकडा बोटे मोडली. पण घरी येताना माझ्या मनात आले, नेरुळ-कामोठ्याला नर्सिंगची कॉलेजे आहेत. मग आपल्या गावची एखादी पोर त्या वॉर्डात का नसावी? आजाऱ्याचे दुखणे त्याच्या बोलीत समजणे हाही औषधाचाच एक भाग नाही का?

पुढल्याच वर्षी माझ्या पुतणीने नर्सिंगचा हट्ट धरला. ती मराठी शाळेतली, बारावी आर्ट्स झालेली. जनरल नर्सिंगच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला ते चालते. तिला प्रवेश मिळाला, आणि चार महिन्यांत पोर ट्रंक घेऊन परत आली. शिकवणे सगळे इंग्रजीत. एकदा उत्तर द्यायला उभी राहिली, तोंडून 'डोळा'ऐवजी 'डोला' निघाले आणि वर्ग हसला. शिकवणाऱ्या बाईंनाही हसू आवरले नाही. त्या दिवसापासून तिने वर्गात तोंड उघडले नाही.

भगिनींनो, आता माझी चूक सांगते. मी तिला जवळ घेऊन म्हटले, "बरे झाले आलीस. परक्या माणसांची घाण काढायची, रात्री-अपरात्री राहायचे, आपल्याला काय करायचे ते?" मला वाटले मी धीर देते आहे. पोरीने काही उत्तर दिले नाही. पांढरा गणवेश घडी करून ट्रंकेच्या तळाशी ठेवला. वर्ग हसला तो एकदा. मी मात्र दारच लावून टाकले.

पुढे आपल्याच मंडळात एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी रमाबाई रानड्यांची हकीकत सांगितली आणि माझे डोळे उघडले. रमाबाई लग्नानंतर अक्षरे शिकल्या. पती न्यायमूर्ती रानडे १९०१ साली वारले. १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले, त्यात रमाबाईंचा पुढाकार होता. तेव्हा इस्पितळात परिचारिका म्हणजे बहुतेक युरोपियन, अँग्लो-इंडियन नाहीतर ख्रिस्ती. हिंदू घरातली बाई परजातीच्या माणसाला, त्यातून पुरुषाला, हात लावणार, ही कल्पनाच लोकांना सहन होत नव्हती. सेवासदनाने बायकांना, त्यांत विधवांनाही, ससून इस्पितळात या कामाचे शिक्षण मिळण्याची सोय केली.

पण नुसते दार उघडून सेवासदन थांबले नाही. ज्यांना लिहिणे-वाचणे येत नव्हते त्यांना आधी ते शिकवले. राहायला जागा दिली, सोबत दिली. लोक नावे ठेवीत तेव्हा रमाबाई पाठीशी उभ्या राहिल्या. एकदा बक्षीस समारंभात लाल आलवणातली एक विधवा व्यासपीठावर आली, तेव्हा गॅलरीतल्या विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. समारोपाच्या भाषणात रमाबाईंनी त्या शिकलेल्या मुलांची चांगलीच कानउघाडणी केली. हे ऐकताना मला आमच्या पोरीचा वर्ग दिसला. त्या वर्गात रमाबाई नव्हत्या, आणि घरी मीही तिच्या पाठीशी नव्हते.

सेवासदनाच्या आधीचेही एक उदाहरण आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली, जात विचारली नाही, आणि त्याच आजाराने १० मार्चला देह ठेवला. हे काम हलके म्हणणारी मी कोण?

मला इतके कळले की प्रवेश मिळणे म्हणजे सामावून घेणे नव्हे. आत गेलेल्या माणसाला तिथे टिकता आले पाहिजे. खेड्यातली पोर असो, आदिवासी पाड्यावरची असो, वा बायकांच्या कामात शिरला म्हणून थट्टा सोसणारा मुलगा असो. हल्ली वॉर्डात 'ब्रदर' दिसतात, त्यांनाही हे चुकले नसेल. आणि आपल्याकडे शिकायला येणाऱ्या केरळच्या मुलीला आपण काय काय म्हणतो, तेही आठवून पाहावे.

पुतणी यंदा पुन्हा जाणार आहे. मी स्वतः तिच्या वडिलांशी भांडले. इंग्रजीची वही आता आमच्या ओट्यावर असते. ती मला हाडांची नावे म्हणून दाखवते, मला कळत नाहीत, पण मी पुस्तक धरून बसते.

मंडळाला माझी एक विनंती आहे. आपली खोली दुपारी दोन तास रिकामी असते. आपल्यात निवृत्त शिक्षिका आहेत, केरळच्या भगिनी आहेत, आणि एका भगिनीची सून तर सिस्टरच आहे. नर्सिंगला जाणाऱ्या मुला-मुलींना तिथे बसू द्यावे, इंग्रजी शिकवावे. फीच्या सवलतींची चौकशी करून द्यावी; २०२४ सालापासून राज्य सरकारने बऱ्याच व्यावसायिक अभ्यासक्रमांत मागास व दुर्बल घटकांतल्या मुलींना फी माफ केली आहे, पण आपल्या बायकांना ते ठाऊक नसते. आणि परगावच्या मुलींनी आपली बोली विचारली तर हसू नये, सांगावी.

पोरीने ट्रंकेच्या तळचा गणवेश परवा काढला. मी तो धुऊन निळीत बुडवला, दोरीवर वाळत घातला. सासूबाईंनी विचारले, "कोनाचा गं ह्यो?" मी म्हटले, "आपल्या सिस्टरचा."