रियाझाची वेळ रिकामी नसते

अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. हुबळी-धारवाडात संगीतावर मराठीतून बोलायला अजून सभागृह भरतं, हे पाहून बरं वाटलं. आमचे कानडी मित्रही निमूट ऐकायला बसले आहेत, त्यांचे विशेष आभार. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. शालीबद्दल पुढे बोलतो.

कार्यवाहांनी गेल्या काही वर्षांचा आढावा घ्यायला सांगितलं आहे. घेतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद आहे. आपल्यातल्या पुष्कळांचे मिरजेचे तंबोरे मात्र गवसणीतच आहेत आणि मोबाइलमधला तंबोरा वाजतो आहे. झाला आढावा.

आता जे बोलण्यासाठी मी आलो ते. मी हार्मोनियमवाला. साथ करतो, घरी शिकवण्या घेतो. पगार कुणाचाच नाही. धारवाडला १९५० साली आकाशवाणी आली तेव्हा काही कलावंतांना महिन्याच्या महिन्याला पैसे मिळू लागले. मल्लिकार्जुन मन्सूर तिथे संगीत सल्लागार होते. बाकीचे आपण सगळे घरबशे. आणि घरबशा कलावंताला हे गाव एकच प्रश्न विचारतं : ‘घरीच असता ना?’

गॅसचा सिलिंडर यायचा आहे, तुम्ही घरीच असता ना? पार्सल घेऊन ठेवा, किल्ली ठेवून जातो, पोराला तासभर बघा. आणि पाणी! आपल्या जुळ्या शहरात नळ कधी सुटेल हे ज्योतिषालाही सांगता येत नाही. २००८ मध्ये काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आलं. आमची गल्ली त्यांत नव्हती. पाणी सुटलं की बँकेतला शेजारी ऑफिसात निर्धास्त असतो आणि त्याच्या टाकीचा कॉक फिरवायला मी जातो. ललतचा मध्यम तेव्हाच कुठे हाताला लागलेला असतो. कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी भीमसेन जोशींनीही पाणी भरलं, असं मला सुनावणारे आहेत. भरलं खरं. पण ते गुरूचं पाणी होतं, आणि त्याच्या बदल्यात त्यांना काय मिळालं हे जगाला ठाऊक आहे. मला शेजाऱ्याकडून दिवाळीत चकली मिळते.

सकाळच्या सत्रात एका तरुण मित्राने मुद्दा मांडला की, खोली, दार, वेळापत्रक हे सगळे चोचले आहेत; गंगूबाई हनगल संसार सांभाळून गायल्याच ना? टाळ्याही पडल्या. बाईंचं नाव घेतलं की टाळ्या पडतातच, पडाव्यातच. पण बाई शिकल्या कशा, ते आठवा. सवाई गंधर्व कुंदगोळला परतल्यावर बाई हुबळीहून रेल्वेने त्यांच्याकडे जात. शिकवणी संपली की भीमसेन त्यांना स्टेशनपर्यंत पोचवायला येत. घरी मुलं होती, घरखर्च होता. पण गाडीची वेळ ही गाडीची वेळ. ‘आज जरा उशिरा सुटा’ असं तिला ना सासर सांगू शकत होतं, ना माहेर, ना शेजार. बाईंच्या शिकण्याचे ते तास रेल्वेच्या वेळापत्रकाने राखले, असं माझं मत आहे. आपल्याला गाडी नाही. म्हणून दार लागतं. आणि दार लावण्याचं धैर्य लागतं, जे आपल्यापैकी निम्म्यांकडे नाही.

दुसरा वाद ऑनलाइन शिकवणीचा. एक बाजू म्हणते विद्या भ्रष्ट झाली, दुसरी म्हणते पुण्या-अमेरिकेचे विद्यार्थी मिळाले. २०२० च्या टाळेबंदीत मैफली थांबल्या तेव्हा मीही फोनसमोर बसलो. पहिल्याच दिवशी पलीकडची मुलगी म्हणाली, ‘सर, तंबोरा ऐकूच येत नाही.’ मोबाइलने तंबोऱ्याला पंख्याच्या घरघरीत जमा करून गाळून टाकलं होतं! झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ नावाची सोय असते, ती सुरू केल्यावर षड्ज परत आला. तरी तिच्याबरोबर गाता येत नाही. आवाज पोचायला उशीर होतो आणि लय तुटते. मग मी म्हणतो, ती थांबते. ती म्हणते, मी थांबतो. वाईट नाही. विद्यार्थ्याला एकटं गायला लागतं, हे एका अर्थी चांगलंच. वाद मिटला, असं मी समजतो.

पण त्या शिकवणीने एक केलं. न्यू जर्सीतली सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, तिथली संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. दिवसाला दोन्ही टोकांनी कुरतडलं. आणि मधल्या वेळात रियाझ करतो म्हटलं तर तो मोकळा वेळ ठरतो, कारण त्याचे पैसे येत नाहीत. माझं भांडण इथे आहे. मानधन ठरवताना लोक मैफलीचे दोन तास मोजतात. गायकाच्या सवयी, त्याच्या पट्ट्या, आडवळणाच्या जागा घरी बसून बोटांत मुरवाव्या लागतात, ते तास कुणाच्या हिशेबात?

कुमार गंधर्व आपल्याच बेळगावकडच्या सुळेभावीचे. क्षयाने आजारी पडून १९४८ मध्ये देवासला गेले. गाण्याला बंदी, अंथरुणावर पडून. तेव्हा माळव्यातली लोकगीतं त्यांच्या कानांवर पडत राहिली, आणि पुढे त्यांतून काय निघालं ते मी सांगायला नको. त्या दिवसांत कुणी खिडकीतून डोकावून विचारलं असतं, ‘काय, घरीच का?’ तर काय उत्तर दिलं असतं त्यांनी? ऐकणं हेसुद्धा काम असतं, हे आपण लोकांना सांगितलेलंच नाही. घरच्यांनाही नाही.

आता शाल. माझ्याकडे शालींची ट्रंक भरली आहे. एका संस्थेने मला गेल्या वर्षी ‘दहाच मिनिटं बसा’ म्हणून बोलावलं, तीन तास बसवलं, वर शाल दिली आणि रिक्षाचे पैसे मीच दिले. संस्थेचं नाव घेत नाही. इथे बसलेल्या बऱ्याच जणांना आपापली संस्था आठवली असेल. आज दिलेली शाल मी प्रेमाने घेतली आहे, गैरसमज नसावा. पण पुढच्या वर्षी शाल नको, पाकीट द्या. अध्यक्षालाही.

तरुणांना एवढंच सांगतो. सकाळचे दोन तास दार लावून बसा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, घरच्यांना ‘कामावर आहे’ म्हणा. ‘रियाझ करतोय’ म्हणू नका. त्या शब्दाने दार ठोठावायला कुणी कचरत नाही. ऐन वेळी बुडवलेल्या तासाचे पैसे घ्या. आधी लाज वाटेल, मग सवय होईल.

आणि या मंडळासाठी एक काम. मानधनाचा एक छापील तक्ता असावा : साथीचे किती, शिकवणीचे किती, तालमीचे किती. हो, तालमीचेसुद्धा. आकडे मी आणलेले नाहीत. कोण बसवणार, कधीपर्यंत, हेही ठरलेलं नाही. जेवणानंतर कार्यकारिणी बसते आहे, तिथे विषय घ्यावा. तबलजींना आधी बोलू द्यावं, कारण त्यांचे हाल माझ्यापेक्षा जास्त आहेत.