रक्ताचा दोष बाईच्याच माथी का?

(पूर्व विदर्भातील महिला मंडळांच्या कार्यकर्त्या-शिबिरात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



आज मला सिकलसेलवर बोलायला सांगितलंय. मी डॉक्टर नाही, समाजकार्याचं शिक्षण घेतलेली तुमच्यासारखीच एक कार्यकर्ती आहे. त्यामुळे आधी एका घरातली गोष्ट सांगते, आणि त्यात माझी स्वतःची चूकही सांगते.

एका वस्तीत आमचं काम चालायचं. तिथल्या एका बाईचा चार वर्षांचा मुलगा सारखा आजारी. हातपाय सुजायचे, अंग इतकं दुखायचं की रात्रभर रडायचा. तपासणीत सिकलसेल निघाला. मी तिला समजावून तिची तपासणी करून घेतली. ती वाहक निघाली. कागद घेऊन ती घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी सासूनं तिला माहेरी पाठवलं. ‘तुझ्याच रक्तात खोट, आमच्या घरात हे कधी नव्हतं.’ नवऱ्याची तपासणी झालीच नव्हती. ती करायला हवी, हे मला आधी सुचलं नाही. मूल म्हणजे आईची जबाबदारी, हे माझ्याही डोक्यात इतकं पक्कं बसलेलं होतं.

आता शास्त्र काय सांगतं ते पाहू. आपल्या शरीराच्या अनेक गुणांसाठी जनुकं असतात. बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. रक्ताला लाल रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनचा एक भाग बनवण्याची सूचना अशाच एका जनुकात असते. त्या सूचनेतलं एक अक्षर बदललं की लाल पेशी प्राणवायू कमी पडताच गोल न राहता विळ्यासारख्या वाकतात. त्या लहान रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून असह्य वेदना होतात. त्या लवकर मरतात, म्हणून रक्त कमी होतं.

एकच प्रत बदललेली असेल तर ती व्यक्ती वाहक. तिला आपण ‘ए.एस.’ म्हणतो. तिला सहसा काही त्रास नसतो. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर ‘एस.एस.’, म्हणजे प्रत्यक्ष आजार.

समजा आई आणि बाप दोघंही वाहक आहेत. दोघांच्या मुठीत दोन-दोन चिठ्ठ्या, एक चांगली, एक बदललेली. प्रत्येक बाळंतपणात दोघांच्या मुठीतून एकेक चिठ्ठी निघते. चारात एक शक्यता आजारी मुलाची, दोन वाहक मुलाच्या, एक पूर्ण निरोगी मुलाची. आणि दर वेळी चिठ्ठ्या नव्यानं निघतात. ‘पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन चांगली’ असा हिशोब नसतो. मुलगा-मुलगी असाही फरक नसतो.

म्हणजे मूल ‘एस.एस.’ असेल तर एक चिठ्ठी बापाकडूनही आलेली आहे. त्या सासूला हे सांगायला कुणी नव्हतं. पुढे नवऱ्याची तपासणी झाली. तोही वाहक निघाला. त्याला कुणी घराबाहेर काढलं नाही!

दुसरा घोळ रक्तगटाचा. लग्न जुळवताना लोक म्हणतात, ‘आम्ही रक्त तपासलंय, दोघांचा ओ पॉझिटिव्ह आहे.’ अहो, रक्तगट वेगळा आणि सिकलसेल वेगळा. रक्तगटावरून सिकलसेल कळत नाही. नवरा-बायकोचा रक्तगट एक असला तर मुलं बिघडतात हाही गैरसमजच. रक्तगटाच्या बाबतीत एक मात्र लक्षात ठेवा. बाई आर.एच. निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तर गरोदरपणी डॉक्टरांना सांगायचं. मूल पॉझिटिव्ह जन्मलं तर ७२ तासांच्या आत तिला अँटी-डी इंजेक्शन मिळायला हवं.

सिकलसेलसाठी सुरुवातीला सोल्युबिलिटी चाचणी करतात. ती पॉझिटिव्ह आली तरी वाहक की आजारी हे तिच्यावरून ठरत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. लागते. वाहकाच्या जोडीदाराचीही हीच मोठी तपासणी हवी, कारण तो थॅलसेमियाचा वाहक असेल तरीही मुलाला आजार होऊ शकतो, आणि साध्या चाचणीत ते सापडत नाही.

आणखी एक. ‘हा अमक्या जातीचा रोग’ असं सर्रास म्हणतात. आदिवासी आणि दलित वस्त्यांत तो जास्त दिसतो हे खरं. पण तो आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, भूमध्य समुद्राकाठीही आहे. जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता तिथे वाहक माणसं मलेरियापुढे जास्त तगली, म्हणून हे जनुक टिकलं. यात कुणाचं पाप नाही, कुणाची खालची पायरी नाही.

आजारी सुनेचं काय होतं ते तुम्ही रोज पाहता. रोवणीत दिवसभर पाण्यात वाकून काम, नंतर अंग धरतं, तर ‘कामचुकार आहे’. तिला भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, ताप आला की लगेच दवाखाना, फॉलिक ॲसिड, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं हायड्रॉक्सियुरिया हे औषध लागतं. मूल हवं असेल तर हे औषध चालू असताना आधी डॉक्टरांशी बोलायचं. नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी सिकलसेल बरा होत नाही. तिचं बाळंतपण जोखमीचं असतं, ते दवाखान्यातच व्हायला हवं.

गर्भाची तपासणी करता येते. पण आपल्या चळवळीला इथे जुनी आठवण आहे. गर्भजल परीक्षा आनुवंशिक आजार शोधायला म्हणून आली आणि मुली मारायला वापरली गेली. त्याविरुद्ध बायका लढल्या, म्हणून महाराष्ट्रात १९८८ साली आणि देशात १९९४ साली कायदा झाला. आजारासाठी तपासणी कायद्यात बसते, लिंग सांगणं बसत नाही. तपासणी करायची की नाही, पुढे काय करायचं, हे त्या बाईनं पूर्ण माहिती घेऊन ठरवायचं. सासरनं नाही, डॉक्टरनं नाही, आणि आपणही नाही.

१ जुलै २०२३ ला केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. चांगलं आहे. पण कार्ड हातात पडल्यावर मुलीचं लग्न मोडतं आणि मुलाचं कार्ड पेटीत राहतं, असं होत असेल तर ही मोहीम बाईच्याच अंगावर येईल. वाहक मुलगी निरोगी असते. तिचा जोडीदार मोठ्या तपासणीत निर्दोष निघाला तर त्यांच्या मुलांना हा आजार होत नाही. हे गावसभेत मोठ्यानं सांगा.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलसेमिया आणि हिमोफिलिया आहेत. प्रमाणपत्रासाठी बायकांना सोबत घेऊन जा.

शेवटी एवढंच. उद्यापासून कुठल्याही घरात एकट्या बाईची तपासणी करायची नाही, दोघांची करायची. निकाल दोघांना एकत्र बसवून सांगायचा, शक्य असेल तर सासूलाही. माझी ती मैत्रीण आठ महिने माहेरी होती. मी आधी नवऱ्याला बोलावलं असतं तर कदाचित ते आठ महिने वाचले असते. माझ्याकडून झालं ते तुमच्याकडून होऊ नये, म्हणून आज बोलले.