दडलेला कप्पा



शाळा सोडल्यावर मी वडिलांबरोबर वाराणसीस, दुर्गाघाटाजवळ राहावयास गेलो. तेथे वडील घरच्या संगणकावर घराण्याच्या आठवणी टंकलिखित करीत. एके दिवशी यंत्र सुरूच होईना. मी उत्साहाने ते मूळ स्थितीत आणण्याची आज्ञा दिली. यंत्र नव्यासारखे झाले. पण आठवणींची चाळीस पाने गेली. "पुन्हा लिहू," वडील म्हणाले. ते लिहिणे झाले नाही.

आता मी निराळी व्यवस्था ठेवतो. विंडोज आणि आवश्यक प्रोग्रॅम नीट बसवले, की 'सी' कप्पा थोडा आक्रसून मोकळ्या जागेत नवे पार्टिशन करावे आणि 'सी'ची संपूर्ण प्रतिमा तेथे साठवावी. 'डिस्कपार्ट'ने त्या पार्टिशनचे अक्षर काढले, की ते फायलींच्या खिडकीत दिसत नाही. मुलांच्या हातून चुकून पुसलेही जात नाही. यंत्र बिघडल्यास पेन ड्राइव्हवरून सुरू करून ती प्रतिमा 'सी'वर उतरवावी. मात्र त्या वेळी 'सी'वरचे सारे पुसले जाते, म्हणून लेखन आणि छायाचित्रे 'डी'वर असावीत.

तरीही हार्ड डिस्कच निकामी झाली, तर दडलेला कप्पाही तिच्याबरोबर जातो. 1978 च्या महापुरात पेट्या तळघरात नेऊन कोणाचे काय वाचले असते? म्हणून प्रतिमेची आणि लेखनाची एकेक प्रत बाहेरच्या डिस्कवर असते, अन् ती डिस्क माडीवरच्या कपाटात.

वडिलांनी कागदावर छापलेली बारा पाने सापडली होती. ती आता 'डी'वर आहेत, कपाटातल्या डिस्कवर आहेत आणि पुण्याला बहिणीकडेही आहेत.