मांजर सोडू नका, सोपवा

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर, थोडा संक्षिप्त करून)



आजचे भाषण स्मरणिकेत छापायचे ठरले आहे, असे आपल्या चिटणीसांनी मघाशी सांगितले. गणपतीच्या स्मरणिकेत मांजर! तेव्हा बाप्पाच्या वाहनाची आधीच माफी मागतो आणि विषयाला हात घालतो.

मी पशुपालन खात्यात आहे. माझे रोजचे काम गाई-म्हशींचे आणि शेळ्यांचे: लसीकरण, कृत्रिम रेतन, कानाला बिल्ले लावणे. पण इंदूरच्या आपल्या मराठी वस्त्यांतून, म्हणजे रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर इथून, मला जे फोन येतात ते म्हशीसाठी नसतात. ‘भाऊ, आमच्या मनीला कुणी चांगलं घर देईल का?’ हाच प्रश्न असतो. कुणाकडे माळ्यावर पिल्ले झालेली असतात, कुणी वाडा सोडून फ्लॅटमध्ये जात असते, कुणाची मुलगी बाळंतपणाला यायची असते. आणि हल्ली सगळ्यात जास्त फोन येतात ते एकट्या राहणाऱ्या वयस्कर मंडळींचे. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात असतात, आता आई-बाबांना तिकडे न्यायचे ठरलेले असते, आणि मांजराचे काय करायचे ते कुणीच ठरवलेले नसते.

आपल्या आज्या सांगत, मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते. या भीतीने आपल्या घरांत मांजर कुणी मारले नाही. पण त्यातून एक पळवाट निघाली. मांजर पोत्यात घालायचे, सायकलवरून लांब न्यायचे आणि बाजारात किंवा देवळामागे सोडून यायचे. मारले नाही म्हणजे पाप नाही. मांजर हुशार असते, उंदीर मारून पोट भरेल, अशी आपली समजूत. घरातले मांजर बाहेर टिकत नाही, हे मी कामाच्या निमित्ताने वारंवार पाहतो. नव्या जागी आधीचे बोके असतात, कुत्री असतात, वाहने असतात. घाबरलेले मांजर गटारात नाहीतर गाडीच्या इंजिनाखाली जाऊन बसते. आणि आपले इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिले आले, चौकातल्या कचरापेट्या गेल्या, घंटागाडी दारात येऊ लागली. आपल्याला अभिमान आहेच. पण उकिरड्यावर काहीतरी मिळेल हा सोडणाऱ्याचा जुना हिशेबही त्याबरोबर गेला.

कायदाही याला गुन्हाच मानतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा आहे. उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा अवस्थेत प्राण्याला सोडून देणे हा त्याच्या ११व्या कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. हसू नका, आकडा त्या काळचाच आहे. दंडाला भिऊन कुणी थांबणार नाही, हे मलाही कळते. म्हणून आज मी दुसरी वाट सांगायला आलो आहे. मांजर सोडायचे नाही, सोपवायचे. म्हणजे माणूस पाहून, तयारी करून, हातातून हातात द्यायचे.

पण त्याच्याही आधी एक प्रश्न. खरंच द्यायलाच हवे का?

मुलगी किंवा सून गरोदर आहे म्हणून मांजर काढायचे, हे मी दर वर्षी ऐकतो. भीती टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूची असते आणि ती अगदी खोटी नाही. पण तो कसा पसरतो ते समजून घ्या. तो मांजराच्या विष्ठेतून येतो आणि विष्ठा पडल्यावर त्याला लागण करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून मांजराचा वाळूचा ट्रे रोजच्या रोज साफ करायचा, आणि तो गरोदर बाईने नाही, घरातल्या दुसऱ्याने करायचा. न धुतलेली भाजी, अर्धे कच्चे मांस आणि कुंडीतली माती यांतूनही हाच जंतू येतो. तेव्हा भाजी नीट धुवा, मांस पूर्ण शिजवा, मातीत हात घालताना हातमोजे घाला आणि आपल्या डॉक्टरांशी बोला. बाळाच्या सहाव्या दिवशी आपण सटवाई पुजतो. सटवाई म्हणजे षष्ठीदेवी, तान्ह्या बाळांची राखणकर्ती, आणि तिचे वाहन आहे मांजर. देवीला पाटावर बसवायचे आणि तिच्या वाहनाला पोत्यात घालायचे, हे काही बरे दिसत नाही.

दुसरे कारण पिल्लांचे. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, कधी त्याआधीही. गाभणकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा. एका वेळी तीन-चार पिल्ले आणि वर्षात दोन वेळा धरले, तरी सहा ते आठ पिल्ले होतात. तेवढी घरे दर वर्षी कुठून आणणार? इथे उपाय घर शोधणे नाही, शस्त्रक्रिया हा आहे. ‘एकदा तरी आई होऊ द्या’ असे वहिनी मला म्हणतात. त्याची मांजरीच्या प्रकृतीला काही गरज नाही. बोक्याचीही शस्त्रक्रिया करा. त्याचे घरभर फवारे मारणे आणि रात्रीची भांडणे पुष्कळ कमी होतात. बोका नकोसा होण्याचे निम्मे कारण तिथेच संपते.

आता खरोखरच द्यावे लागणार असेल तर काय करायचे ते सांगतो.

पिल्लू असेल तर घाई करू नका. डोळे उघडले, गोंडस दिसायला लागले की लोक मागतात. पण आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका, बारा आठवडे ठेवता आले तर उत्तम. चावायचे किती, नखे कधी आत घ्यायची, हे ते आईकडून आणि भावंडांकडून शिकते. दोन ते सात आठवड्यांच्या काळात त्याला माणसांचे हात लागू द्या, मिक्सरचा, प्रेशर कुकरचा आवाज ऐकू द्या. असे पिल्लू पुढे कुठल्याही घरात लवकर रुळते. पहिली लस आठ आठवड्यांच्या सुमारास, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, आणि रेबीजची तिसऱ्या महिन्यात. लसीचा कागद पिल्लाबरोबर द्या.

मोठे मांजर देताना लस आणि शस्त्रक्रिया दोन्ही आधी करून घ्या. खर्च आपण करायचा. मुलीला सासरी रिकाम्या हाताने पाठवत नाही, तसेच.

मग घर पाहायचे. फुकट आहे म्हणून पहिल्या येणाऱ्याला देऊ नका. चार साधे प्रश्न विचारा. घरातल्या सगळ्यांना हवे आहे का? घर भाड्याचे असेल तर मालकाची हरकत नाही ना? वरच्या मजल्यावर असाल तर खिडकी-गॅलरीला जाळी आहे का? घरात आधी एखादे पिल्लू आजारी पडून गेले आहे का? हा शेवटचा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो. पण मांजरांना होणाऱ्या पार्वोसारख्या एका रोगाचे विषाणू घरात कित्येक महिने, अगदी वर्षभरही टिकू शकतात. अशा घरात लस न झालेले पिल्लू देणे म्हणजे त्याचा जीव घालवणे.

छावणीच्या धान्य बाजारातले व्यापारी उंदरांसाठी मांजर मागतात. ते घर वाईटच असे मी म्हणणार नाही. पण त्यांना दोन गोष्टी विचारा: रोज खायला घालणार का, आणि गोदामात उंदरांचे औषध टाकता का? औषध खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर विष मांजरालाही बाधते.

आता आपल्याच मंडळींशी थोडे स्पष्ट बोलतो. आपल्यातली बरीच घरे शाकाहारी आहेत. ‘आमची मनी दूध-पोळीवर वाढली’ असे सगळे सांगतात. वाड्यात ते चालून गेले, कारण मनी उरलेले जेवण बाहेर उंदीर आणि पाली खाऊन पुरे करत होती. चौथ्या मजल्यावर तिला उंदीर कुठे मिळणार? मांजराला टॉरिन नावाचा घटक प्राणिज अन्नातूनच मिळतो. तो कमी पडला तर तिची नजर जाते, हृदय मोठे आणि दुबळे होते. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दूधही पचत नाही. तेव्हा शाकाहारी घराला मांजर देऊ नये असे नाही. दुकानात तयार कोरडे खाद्य मिळते, त्यासाठी ओट्यावर मांस आणावे लागत नाही. पण ते रोज आणायची तयारी आहे का, हे आधी विचारा. आणि मांजराला ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. आपल्याला चालणारी ती गोळी मांजराचा जीव घेते.

रंगावरूनही लोक नाही म्हणतात. काळे नको, कारण आडवे जाईल. तिरंगी हवी, पण बोका पाहिजे. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, तिरंगी बोका अतिशय दुर्मीळ. तेव्हा तो हट्ट सोडलेला बरा.

माझ्या ओळखीच्या एका काकूंची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगतो. काका गेले, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि मुलाने त्यांना बंगळुरूला न्यायचे ठरवले. घरी आठ वर्षांच्या दोन मांजरी, एकाच वेतातल्या बहिणी. ‘आता या वयाच्या कोण घेणार, देवळापाशी सोडा, प्रसाद तरी मिळेल,’ असे शेजारचे म्हणाले. काकू म्हणाल्या, ‘ह्यांच्या आजारपणात रात्रभर पायाशी बसून होत्या त्या. मी नाही सोडणार.’ मुलाने तिकिटे पुढे ढकलली. आम्ही दोघींना एकत्रच द्यायचे ठरवले, त्यामुळे वेळ लागला. सहा आठवड्यांनी राजेंद्र नगरातले एक निवृत्त शिक्षक दांपत्य तयार झाले. त्यांनाही पिल्लू नकोच होते. पडद्यावर चढणारे पिल्लू या वयात कोण सांभाळणार? शांत, सवयी लागलेले मोठे मांजर वयस्कर माणसांना जास्त जमते, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो.

काकूंनी मांजरींबरोबर त्यांचा ट्रे, त्यांच्या वाट्या आणि स्वतःच्या जुन्या लुगड्याची न धुतलेली गोधडी दिली. ओळखीचा वास मांजराला फार धीर देतो. नव्या घरात पहिले काही दिवस दोघींना एकाच खोलीत ठेवले आणि तीन आठवडे दाराबाहेर जाऊ दिले नाही. लवकर मोकळे सोडले तर मांजर जुने घर शोधत निघते आणि रस्त्यात हरवते. धाकटीने दुसऱ्या दिवशीही तोंडाला काही लावले नाही, तेव्हा लगेच डॉक्टरांकडे नेले. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले, त्यातून अंगाने जाड असेल, तर यकृत बिघडते, म्हणून वाट पाहायची नसते. आता दोघी मजेत आहेत. काकू रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांना हाक मारतात. थोरली कान हलवते, धाकटी बघतही नाही. काकूंना त्याचेही समाधानच आहे.

काकूंकडे सहा आठवडे होते. सगळ्यांकडे नसतात. एखाद्याला रात्री अचानक दवाखान्यात न्यावे लागते, घराला कुलूप लागते, आणि आत मांजर आहे हे तिसऱ्या दिवशी कुणाला तरी आठवते. म्हणून मंडळासमोर माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली, मंडळाच्या कार्यालयात एक वही ठेवावी. एका बाजूला मांजर द्यायचे आहे त्यांची नावे, दुसऱ्या बाजूला हवे आहे त्यांची. दुसरी, तात्पुरते महिना-दोन महिने मांजर सांभाळू शकतील अशी आपल्या सभासदांतलीच पाच-सहा घरे शोधावीत. घर मिळेपर्यंत थांबायला जागा असली की घाईत चुकीचे घर निवडले जात नाही. तिसरी सूचना प्रत्येकाने घरी जाऊन करायची. आपण मृत्युपत्रात तांब्याच्या घंगाळाचीही वाटणी लिहितो. त्याच कपाटात एक कागद ठेवा: माझे मांजर कुणी न्यायचे, ते काय खाते, त्याचे डॉक्टर कोण. ज्याचे नाव लिहाल त्याला आधी विचारा आणि घराची एक किल्ली त्याच्याकडे द्या.

शेवटी दिवसांबद्दल एक सांगणे. कुणी मांजर द्यायच्या विचारात असाल तर ढोल-ताशांचे हे दहा दिवस आणि दिवाळीच्या फटाक्यांचा आठवडा टाळा. आवाजाला बिचकून नव्या घरातून पळालेले मांजर शोधणे फार कठीण. अनंत चतुर्दशीनंतर बरेच दिवस मिळतात. वही तोवर तयार असली, तर पहिले नाव लिहायला मी येतो. माझ्याकडे रामबागेतल्या एका माळ्यावरची तीन पिल्ले आहेत, दोन करडी आणि एक काळे. दहा आठवड्यांची आहेत, पहिली लस झाली आहे. काळे जास्त खेळकर आहे. ज्यांना हवे असेल त्यांनी चहाच्या वेळी भेटावे. ते चार प्रश्न मी विचारणारच.



गणपती बाप्पा मोरया!