लॅपटॉप एक, नेटवर्क तीन

आजचा भाग माझ्याच फजितीपासून सुरू करतो.

नोकरीला लागून वर्ष झालं होतं. दिवाळीला ऑफिसचा लॅपटॉप घेऊन गावी गेलो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी रिलीज होती. सकाळी फोनवर मेल आला, पासवर्डची मुदत आज संपतेय. मी लगेच फोनच्याच ब्राउझरवरून नवा पासवर्ड ठेवला आणि पोहे खायला बसलो.

मग लॅपटॉप उघडला. नवा पासवर्ड टाकला, चूक. परत टाकला, चूक. सहज म्हणून जुना टाकून बघितला, तर उघडला की! म्हटलं, हे काय गौडबंगाल? व्हीपीएनला मात्र नवाच चालला. आणि व्हीपीएन जोडून पाच मिनिटं होतायत तोवर ऑफिसचं अख्खं खातंच लॉक. रिलीजला उरलेत तीन तास.

आता यामागे काय चालू असतं ते सांगतो. ऑफिसच्या विंडोज लॅपटॉपवर तुमचं खातं बऱ्याचदा डोमेनचं असतं. म्हणजे तुम्ही कोण आहात याची खात्री ऑफिसमधला सर्व्हर देतो, त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात. पण गावच्या वायफायवरून तो सर्व्हर दिसतच नाही. मग लॉगिन होतं कसं? तर मागच्या यशस्वी लॉगिनची एक खूण विंडोज लॅपटॉपवरच जपून ठेवतं. पासवर्ड जसाच्या तसा नाही, त्याच्यापासून गणिताने काढलेली खूण. सर्व्हर भेटला नाही तर तिच्याशी ताडून बघायचं. मी पासवर्ड बदलला तो सर्व्हरवर. लॅपटॉपला बिचाऱ्याला ते कळलंच नव्हतं.

आणि खातं लॉक का झालं? व्हीपीएन जोडल्याबरोबर ऑफिसचा शेअर ड्राइव्ह माझ्या नावाने जुनाच पासवर्ड घेऊन सर्व्हरचं दार ठोठावत बसला. चार-पाच वेळा चुकीचा पासवर्ड आला की सर्व्हर खातं बंद करतो. त्याचंही बरोबरच आहे म्हणा.

आयटीतल्या दादाला फोन लावला. त्याने खातं उघडून दिलं आणि म्हणाला, "जुन्या पासवर्डने आत जा, नव्याने व्हीपीएन जोड. मग विंडोज आणि एल दाबून स्क्रीन लॉक कर आणि नवा पासवर्ड टाकून उघड." बस्स. व्हीपीएनमुळे सर्व्हर समोर होता, त्याने नवा पासवर्ड मान्य केला आणि लॅपटॉपवरची खूण बदलली. अर्धा तास गेला, रिलीज वाचली. आता मी पासवर्ड बदलतो तो व्हीपीएन जोडून, लॅपटॉपवरच, कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून. फोनवरून कधीच नाही.

त्या गडबडीत धाकटा भाऊ म्हणत होता, "दादा, नवीन युजर बनव ना, हाय काय अन् नाय काय!" ऑफिसच्या लॅपटॉपवर ते करायची मला परवानगी नव्हती, म्हणून वाचलो. माझ्या एका मित्राचं नशीब एवढं चांगलं नव्हतं.

त्याने स्वतःचा लॅपटॉप नव्या नोकरीच्या डोमेनला जोडला. लॉगिन केलं तर डेस्कटॉप कोरा. फोटो नाहीत, कोड नाही, बुकमार्क नाहीत. त्याला वाटलं, सगळं उडालं. घाबरून दुकानात नेला, दुकानदाराने फॉरमॅट मारला, आणि मग खरंच उडालं. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट, आजीचे व्हिडिओ, सगळं.

खरं तर काहीच गेलं नव्हतं. विंडोज तुम्हाला नावाने ओळखत नाही, एसआयडी नावाच्या एका लांबलचक नंबराने ओळखतं. डोमेनचं खातं म्हणजे नवा नंबर, म्हणजे नवं प्रोफाइल, नाव तेच असलं तरी. जुना फोल्डर सी ड्राइव्हच्या युजर्समध्ये तसाच पडून असतो. नव्याच्या नावापुढे फक्त डोमेनचं शेपूट लागतं. असा कोरा डेस्कटॉप दिसला तर आधी तिथे बघा. दुकान कुठे पळून जात नाही.

मग वेगवेगळ्या नेटवर्कवर काम करायचं असेल तर? प्रोफाइल एकच ठेवा. क्लायंटच्या सर्व्हरवरचा फोल्डर हवा असेल तर ड्राइव्ह जोडताना 'वेगळं युजरनेम-पासवर्ड वापरा' अशी खूण करायची सोय असते. त्या फोल्डरपुरते तुम्ही क्लायंटचे, बाकी लॅपटॉपवर तुम्ही तुम्हीच. मी दोन क्लायंट असेच सांभाळतो. फक्त एक गोम आहे: एकाच सर्व्हरवर एका वेळी दोन नावांनी जायला विंडोज नाही म्हणतं. आधीचं कनेक्शन तोडावं लागतं.

अजून एक, पटकन. नवं वायफाय जोडलं की ते पब्लिक की प्रायव्हेट हे विंडोजच्या सेटिंगमध्ये ठरतं. कॅफे, हॉस्टेल, लॉज, सगळीकडे पब्लिक. हॉस्टेलला मी प्रायव्हेट ठेवलं होतं आणि शेअरिंगही चालू होतं, तर शेजारच्या रूममधल्या पोराने माझ्या शेअर केलेल्या फोल्डरमधला सगळा सिनेमा उचलला. वर सबटायटल कुठे आहेत म्हणून विचारायला आला!

चला, थांबतो. पुढच्या शनिवारी भेटू.