पासवर्ड टाळा, नाव टाळू नका



आपल्या शिरपुरात जिनिंगचं ऑफिस घ्या, कर सल्लागाराकडे जा, नाहीतर एखादी पतसंस्था पाहा. मेन कॉम्प्युटरवर टॅलीचा डेटा असतो आणि बाकीच्या मशिनवरून तेच फोल्डर उघडतात. ऐन रिटर्न भरण्याच्या घाईत पासवर्डची चौकट समोर येते. ऑपरेटर वैतागतो, हार्डवेअरवाल्याला फोन जातो. तो येऊन पासवर्डची अट काढतो, 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' देतो आणि चहा घेऊन निघतो.

ऑपरेटरचं म्हणणं रास्त आहे. रोज पासवर्ड कोण टाकत बसणार? बिघडतं ते उत्तरात. 'एव्हरीवन'मध्ये आपल्या माणसांबरोबर त्याच वायफायवर आलेलं गिऱ्हाईकही असतं आणि कोणाच्या लॅपटॉपमधला व्हायरसही.

27 जून 2017 ला 'नॉटपेट्या' या हल्ल्यानं आपल्या जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क समूहाच्या कंटेनर टर्मिनलचं काम विस्कळीत केलं. त्या हल्ल्याचं कारण उघडं फोल्डर नव्हतं. विंडोजमधली त्रुटी आणि मशिनमधून चोरलेले पासवर्ड वापरून तो एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर गेला. उघड्या फोल्डरमधल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागायची, तर एवढाही खटाटोप लागत नाही.

मायक्रोसॉफ्टनं उघड्या फोल्डरचा हा धोका ओळखला. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून 'प्रो'मध्येही असा पासवर्डशिवायचा, बिननावाचा म्हणजे 'गेस्ट' प्रवेश मुळातच बंद असतो. म्हणून अपडेटनंतर जुनं फोल्डर अचानक उघडेनासं होतं. तेव्हा सेटिंग बदलून तो प्रवेश पुन्हा चालू करणं हा उपाय नव्हे.

माझा मुद्दा कुलपाचा कमी, नावाचा जास्त आहे. कंपन्यांना 1 एप्रिल 2023 पासून हिशेबातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर सक्तीचं झालं. पण हिशेबाचं अख्खं फोल्डरच कोणी पुसलं आणि तो 'गेस्ट' म्हणून आत आला असेल, तर त्या नोंदीचा काय उपयोग? मग संशय ऑफिसातल्या सगळ्यांवर, आणि सगळ्यात आधी नव्या पोरावर.

उपाय साधा आहे. मेन कॉम्प्युटरवर प्रत्येकाचं वेगळं खातं काढा. त्याच्या मशिनवर पासवर्ड एकदाच टाका आणि 'लक्षात ठेव'वर खूण करा. पुढे फोल्डर न विचारता उघडेल. ज्याला फक्त पाहायचं आहे त्याला फक्त वाचण्याची परवानगी द्या. गिऱ्हाइकांचं वायफाय वेगळं ठेवा. डेटाची एक प्रत हार्ड डिस्कवर घ्या आणि काम झालं की ती डिस्क काढून कपाटात ठेवा.

हार्डवेअरवाला उद्या आला, तर 'पासवर्ड काढ' म्हणू नका. 'प्रत्येकाच्या नावानं खातं काढून दे' म्हणा. तासाभराचं काम आहे; त्याची मजुरी आनंदानं द्या.